वेदनेची साक्ष

हात किंवा पाय मोडलेल्या माणसाला वेदना होतात किंवा नाही, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. पोटदुखी, डोकेदुखी वा पाठदुखी यांच्या बाबतीत डॉक्टरला रुग्णाच्या शब्दावर विसंबावे लागते. मोडलेले हाड मात्र क्ष-किरणांच्या छायाचित्रात स्वच्छ दिसते आणि ते किती दुखत असेल याची कल्पना वैद्यकाचा गंध नसलेल्यासही करता येते. म्हणूनच लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातील डॉ. नॉक्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पाहणीसाठी नेमके असेच रुग्ण निवडले. हाताचे वा पायाचे लांब हाड मोडल्यामुळे अपघात विभागात आलेल्या १३९ रुग्णांची कागदपत्रे त्यांनी तपासली. त्यांतील १०८ गोरे होते आणि ३१ जण लॅटिन अमेरिकी वंशाचे, म्हणजे ज्यांना अमेरिकेत हिस्पॅनिक म्हणतात ते. गोऱ्या रुग्णांपैकी २६ टक्क्यांना अपघात विभागात असेपर्यंत कोणतेही वेदनाशामक मिळाले नव्हते. हिस्पॅनिक रुग्णांत हे प्रमाण ५५ टक्के निघाले. अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात १९९३ साली हा छोटासा निबंध प्रसिद्ध झाला आणि एका सुसंस्कृत व्यवसायाला अस्वस्थ करणारा प्रश्न आकड्यांच्या भाषेत मांडला गेला.

या आकड्यांविषयी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. रुग्णाला इंग्रजी येत नसेल, त्याच्याकडे विमा नसेल, दुखापत सौम्य असेल, तो दारू पिऊन आलेला असेल, असे अनेक खुलासे संभवतात. टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे घटक हिशेबात धरून पुन्हा आकडेमोड केली, तरी वंशाचा परिणाम उरलाच. पुढे अटलांटा शहरातील एका रुग्णालयात टॉड यांनी तशीच पाहणी कृष्णवर्णीय रुग्णांबाबत केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार हाड मोडलेल्या गोऱ्या रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना वेदनाशामक मिळाले होते, तर कृष्णवर्णीयांपैकी केवळ ५७ टक्क्यांना. दोन्ही गटांच्या कागदपत्रांत वेदनेची तक्रार सारख्याच प्रमाणात नोंदलेली होती. म्हणजे तक्रार ऐकली गेली होती, ती लिहूनही ठेवली गेली होती. फरक पडला तो त्यानंतर.

अर्थात अपघात विभागांत वेदनेकडे होणारे दुर्लक्ष हे केवळ अल्पसंख्यांच्या वाट्याला आलेले नव्हते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत वेदनादायक विकारांमुळे दाखल झालेल्या १९८ रुग्णांपैकी ५६ टक्क्यांना अपघात विभागात वेदनाशामक मिळालेच नव्हते. वेदना हे रोगाचे लक्षण, ते नाहीसे केले तर निदान चुकेल, ही शिकवण कित्येक पिढ्यांच्या डॉक्टरांच्या अंगी मुरलेली होती. परंतु जेथे एकूणच हात आखडता असतो, तेथे थोडे जे दिले जाते ते कोणाला दिले जाते हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. टंचाईच्या काळातले वाटप पाहिले की समाजात कोणाची पत किती आहे हे कळते.

दिसले, पण दिले नाही

टॉड यांच्या पहिल्या निबंधानंतर एक खुलासा सर्वांनाच सोयीचा वाटला असता. डॉक्टर गोरे, रुग्ण परक्या संस्कृतीतला. त्याची वेदना व्यक्त करण्याची रीत वेगळी, त्यामुळे ती डॉक्टरला नीट उमगत नसावी, असा तो खुलासा. यात दोष कोणाचाच नाही, दोष आहे तो फक्त गैरसमजाचा. टॉड यांनी त्याचीही परीक्षा घेतली. रुग्णाने स्वतःच्या वेदनेला दिलेले गुण आणि डॉक्टरने त्याच वेदनेविषयी केलेला अंदाज यांची त्यांनी तुलना केली. १९९४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, गोऱ्या रुग्णांच्या वेदनेचा डॉक्टरांचा अंदाज जितका बरोबर वा चूक होता, तितकाच तो हिस्पॅनिक रुग्णांच्या बाबतीतही होता. या रुग्णालयापुरते तरी सोयीचे स्पष्टीकरण टिकले नाही.

दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. वेदना दिसणे आणि औषध देणे यांच्यामध्ये आणखी एक पायरी आहे, ती विश्वासाची. मॉर्फिन किंवा त्या वर्गातील औषध देताना डॉक्टर नकळत काही गोष्टी गृहीत धरत असतो. हा माणूस सोंग करीत नाही, हा नशेसाठी आलेला नाही, हा औषध घरी नेऊन विकणार नाही, याला काही झाले तर ठपका आपल्यावर येणार नाही, अशा त्या गोष्टी. आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखे बोलणारा, आपल्या वस्तीत शोभेल असा रुग्ण समोर असला की ही गृहीतके विनासायास मान्य होतात. समोरचा माणूस निराळ्या वर्णाचा, निराळ्या भाषेचा असला की त्यांतल्या प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह उभे राहते. ते डॉक्टरच्या ओठांवर येत नाही. बहुधा त्याच्या मनातही ते स्पष्ट शब्दांत उमटत नाही. दरम्यान रुग्णाचा तास-दीड तास निघून जातो.

न्यायालयात साक्षीदाराची विश्वासार्हता उलटतपासणीने ठरते आणि तो निवाडा लिहून ठेवावा लागतो. त्यावर अपीलही करता येते. अपघात विभागात वेदनेचा एकमेव साक्षीदार स्वतः रुग्ण असतो, आणि त्याची साक्ष ग्राह्य की अग्राह्य याचा निवाडा डॉक्टर काही मिनिटांत मनातल्या मनात देऊन टाकतो. त्या निवाड्याची नोंद होत नाही आणि त्यावर अपीलही नाही.

डॉक्टरांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, अपघात विभाग हे शांत चित्ताने विचार करण्याचे ठिकाण नव्हे. नेहमीच्या डॉक्टरला आपल्या रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक असतो; अपघात विभागात येणारा प्रत्येक जण अनोळखी असतो. एका खाटेवर हृदयविकाराचा झटका आलेला, दुसऱ्यावर रक्तबंबाळ झालेला, आणि बाहेर रांग वाढत असलेली. अशा वेळी माणसाचे मन आडवाटांनी निर्णय घेते. २०१६ साली निवासी डॉक्टरांच्या एका पाहणीत असे आढळले की, विभागात गर्दी अधिक असलेल्या पाळीनंतर त्यांच्या मनातील सुप्त वंशभेदाचे माप वाढलेले होते. पूर्वग्रह हा नेहमी दुष्टाव्यातूनच येतो असे नाही. थकवा, घाई आणि जबाबदारीचे ओझे यांच्या आश्रयानेही तो राहतो. आपण निःपक्षपाती आहोत अशी प्रामाणिक खात्री बाळगणाऱ्या माणसाकडून हा पक्षपात घडतो, त्यामुळे तो सापडणे अधिक कठीण होते.

जुन्या समजुतीचे ओझे

अमेरिकेत या अविश्वासाला इतिहासाचीही जोड आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन रुग्णाला बेशुद्ध केले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. त्याच सुमारास, १८४५ ते १८४९ या काळात, अलाबामातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स हे शल्यविशारद गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करीत होते. अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही त्यांतील तिघींची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. सिम्स यांना पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून गौरवण्यात आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्यांचा पुतळा हलवला गेला तो २०१८ साली. त्यांच्या काळातलाच सॅम्युअल कार्टराइट हा लुइझियानातील डॉक्टर. १८५१ साली त्याने गुलामांच्या ‘खास’ रोगांवर जे लेखन केले, त्यात कृष्णवर्णीयांची कातडी संवेदनाहीन असते असे प्रतिपादन होते. चाबकाचे समर्थन करायचे असेल, तर ज्याच्या पाठीवर तो पडतो त्याला फारसे दुखत नाही असे ‘शास्त्र’ सोयीचेच असते.

ही सारी गेल्या युगाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. परंतु २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना मिळून २२२ जणांना काही विधाने खरी वाटतात का, असे विचारले. काळ्या माणसाची कातडी गोऱ्याच्या कातडीपेक्षा जाड असते, त्याच्या मज्जातंतूंची टोके कमी संवेदनशील असतात, त्याचे रक्त लवकर गोठते, अशी ती विधाने होती. सारी निखालस खोटी. तरीही सुमारे निम्म्या जणांना त्यांतले किमान एक विधान खरे वाटले. ज्यांचा अशा समजुतींवर अधिक विश्वास होता, त्यांनी काल्पनिक कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले आणि त्याच्यासाठी सुचवलेले उपचारही कमी अचूक होते. ज्यांचा तसा विश्वास नव्हता, त्यांच्या उपचारांत हा भेद दिसला नाही. शिक्षणाने पूर्वग्रह आपोआप जातो, हा सुशिक्षितांचा आवडता समज आहे. शरीरशास्त्राचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यातही गुलामगिरीच्या काळातली कातडी शिल्लक राहू शकते, हे या पाहणीने दाखवले.

प्रश्न एका शहराचा नव्हे

एखाद-दुसऱ्या रुग्णालयातील पाहणीवरून देशाविषयी अनुमान काढू नये, हा आक्षेप रास्त असतो. त्याचे उत्तर २००८ साली मिळाले. अमेरिकी सरकार दरवर्षी देशभरातील अपघात विभागांची नमुना पाहणी करते. १९९३ ते २००५ या १३ वर्षांच्या पाहणीतून वेदनेसाठी आलेल्या दीड लाखाहून अधिक भेटींची छाननी करण्यात आली. या काळात मॉर्फिनवर्गीय औषधांचा वापर वाढत गेला. वेदनेच्या भेटींपैकी २३ टक्क्यांवरून तो ३७ टक्क्यांवर पोचला. औषध अधिक मोकळेपणाने दिले जाऊ लागले म्हणजे भेदभाव ओसरेल अशी अपेक्षा होती. तसे घडले नाही. एकूण काळात गोऱ्यांना ३१ टक्के भेटींत असे औषध मिळाले, कृष्णवर्णीयांना २३ टक्के, हिस्पॅनिकांना २४ टक्के आणि आशियाई व इतरांना २८ टक्के. अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी कुटुंब या शेवटच्या गटात मोडते. पुरवठा वाढला, पण तफावत तेवढीच राहिली. मूतखड्यासारख्या विकारातही, जेथे सोंगाचा संशय घ्यायला फारशी जागा नसते, ती दिसून आली.

लहान मुलांविषयी तरी मनात संशय येऊ नये. सहा-सात वर्षांच्या मुलावर नशेसाठी बनाव केल्याचा आरोप कोण करील? परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपेंडिक्सच्या दाहाने आलेल्या मुलांच्या २००३ ते २०१० या काळातील राष्ट्रीय नोंदी तपासल्या असता, तीव्र वेदना असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना मॉर्फिनवर्गीय औषध मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या मानाने खूपच कमी असल्याचे आढळले. नशेच्या संशयाचा खुलासा येथे लंगडा पडतो.

आणि मग स्त्रियांचा प्रश्न येतो; तो कोणत्याही एका वंशापुरता नाही. तीव्र पोटदुखीने अपघात विभागात आलेल्या ९८१ प्रौढांच्या २००८ सालच्या अमेरिकी पाहणीत स्त्री-पुरुषांनी आपल्या वेदनेला जवळजवळ सारखेच गुण दिले होते. तथापि मॉर्फिनवर्गीय औषध पुरुषांपैकी ५६ टक्क्यांना मिळाले, स्त्रियांपैकी ४५ टक्क्यांना. पुरुषाला वेदनाशामकासाठी सरासरीने ४९ मिनिटे थांबावे लागले, स्त्रीला ६५ मिनिटे. २०२४ साली इस्रायल व अमेरिका येथील २१ हजारांहून अधिक रुग्णांची कागदपत्रे तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही स्त्रियांना वेदनाशामके कमी दिली गेल्याचे दिसले. विशेष हे की, डॉक्टर पुरुष असो वा स्त्री, कल तोच होता. म्हणजे स्त्री डॉक्टर नेमल्या की प्रश्न सुटला, इतके हे सोपे नाही.

मराठी वाचकाला यात अपरिचित असे काही वाटू नये. बाईमाणसाचे दुखणे म्हणजे ‘थेर’, गरिबाचे दुखणे म्हणजे ‘सोंग’, आणि न बोलता सहन करणाऱ्या स्त्रीला ‘सोशिक’ म्हणून शाबासकी, हे शब्द मराठीच्याच संसारातले आहेत. सोसण्याला सद्गुण ठरवले की, जी सोसत नाही ती आपोआप दोषी ठरते.

दुसरी बाजू

या साऱ्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेने वेदना निवारण्याच्या नावाखाली आपल्या समाजाचे केवढे नुकसान करून घेतले, हे जगाने पाहिले आहे. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे औषध बाजारात आले. ते व्यसन लावणारे नाही अशा थाटात त्याचा प्रचार झाला. त्याच सुमारास वेदना ही नाडी, ताप, श्वसन आणि रक्तदाब यांच्या जोडीने पाचवी प्राणखूण मानावी, अशी मोहीम निघाली. २००७ साली पर्ड्यू फार्मा या उत्पादक कंपनीशी संबंधित व्यवसायसंस्थेने दिशाभूल करणाऱ्या प्रचाराचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, परंतु तोवर व्यसनाची साथ पसरली होती. पुढे हेरॉइन आणि नंतर बेकायदा फेंटॅनिल आले. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून अधिक अमेरिकी मृत्युमुखी पडले. तेव्हा औषध कमी मिळाले ते कृष्णवर्णीयांच्या पथ्यावरच पडले, असे कोणी म्हटले तर?

असे म्हटलेही गेले आहे. साथीच्या पहिल्या लाटेत गोऱ्यांचे मृत्यू अधिक झाले, आणि ज्यांना औषधच लिहून दिले जात नव्हते ते तिच्यातून काही प्रमाणात वाचले, हे खरे आहे. परंतु अविश्वासातून झालेला हा योगायोग म्हणजे न्याय नव्हे. तो फार काळ टिकलाही नाही. २०२० साली अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचे कृष्णवर्णीयांतील प्रमाण गोऱ्यांच्या प्रमाणाहून वर गेले. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या विषापासून डॉक्टरच्या संशयाने कोणाचेच रक्षण केले नाही.

वस्तुतः अमेरिकेत एकाच वेळी दोन चुका घडत होत्या. जुनाट पाठदुखीसाठी महिनोन् महिने गोळ्या लिहून देणे ही एक. आणि हाड मोडून विव्हळणाऱ्या माणसाला तासभर काहीच न देणे ही दुसरी. पहिली चूक सुधारण्यासाठी दुसरी वाढवावी असे कोणतेही शास्त्र सांगत नाही. शिवाय वेदनाशामक म्हणजे केवळ मॉर्फिनच नव्हे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात चारशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत हाता-पायाच्या तीव्र वेदनेवर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी मॉर्फिनवर्गीय गोळ्यांच्या तोडीची ठरली. तेव्हा व्यसनाच्या भीतीने रुग्णाला काहीच न देण्याचे समर्थन होत नाही. २०१६ साली रोगनियंत्रण केंद्राने मॉर्फिनवर्गीय औषधे जपून वापरण्याविषयी सूचना काढल्या, आणि २०२२ साली त्याच केंद्राला त्या सूचनांचा अतिरेकी अर्थ लावू नका असे सांगावे लागले. लंबक एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला की, ज्यांच्या शब्दाला आधीच वजन नसते तेच प्रथम भरडले जातात.

सिकलसेलची कसोटी

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. या आनुवंशिक रोगात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे, छाती व पोट यांत असह्य कळा येतात. बाहेरून पाहता काहीच दिसत नाही. जखम नाही, सूज नाही, क्ष-किरणांत मोडलेले हाड नाही. हा रुग्ण वारंवार येतो, आणि कोणते औषध किती मात्रेत लागू पडते हे तो अनुभवाने सांगतो. नशेबाजाचीही हीच लक्षणे सांगितली जातात. अमेरिकेत या रोगाचे सुमारे एक लाख रुग्ण असून त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अपघात विभागात त्यांना सर्वसाधारण रुग्णांपेक्षा २५ टक्के आणि हाड मोडलेल्या रुग्णांपेक्षा ५० टक्के अधिक वेळ ताटकळावे लागत होते. त्यानंतर २०१४ साली राष्ट्रीय तज्ज्ञसमितीने स्पष्ट सूचना दिली की, नोंदणीपासून ६० मिनिटांच्या आत किंवा प्राथमिक तपासणीपासून ३० मिनिटांच्या आत पहिले वेदनाशामक दिले गेले पाहिजे.

येथे महाराष्ट्राचा संबंध अगदी थेट येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यात हाच रोग अनुसूचित जाती-जमातींत मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला आणि २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरवण्यात आले. रक्ततपासणी, समुपदेशन आणि ओळखपत्रे यांना त्यात योग्य ते महत्त्व आहे. परंतु निर्मूलन होईल तेव्हा होईल. आज रात्री कळा सुरू झालेल्या मुलाला एटापल्ली किंवा धडगावच्या रुग्णालयात किती मिनिटांत औषध मिळते, हीही मोहिमेची कसोटी असली पाहिजे. माडिया, गोंडी वा पावरी बोलणारी आई आपल्या मुलाची वेदना मराठी डॉक्टरला सांगू पाहते, तेव्हा लॉस एंजेलिसच्या पाहणीतले सारे घटक तेथे एकत्र आलेले असतात. भाषा परकी, समाजातले स्थान खालचे, वेदना न दिसणारी, आणि डॉक्टरपुढे रांग.

यात आणखी एक विसंगती आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारच्या परवान्याने अफू पिकते आणि तिच्यावर जगातील कित्येक रुग्णांची वेदना शमते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे आणि शिक्षांचे असे जाळे विणले की, भारतातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटून १९९७ साली जेमतेम १८ किलोग्रॅमवर आला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची कटकट कमी करण्यात आली. परंतु कायदा सुधारला म्हणून रुग्णालयांच्या मनातली भीती त्याच दिवशी जात नाही. अमेरिकेत संशय विशिष्ट रुग्णावर घेतला गेला; येथे तो औषधावरच घेतला गेला, आणि त्याची झळ असह्य वेदनेच्या साऱ्याच रुग्णांना बसली.

उपदेशाने भागणार नाही

मग उपाय कोणता? डॉक्टरांना सहानुभूतीचे व्याख्यान देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय. ज्याला आपण पक्षपात करतो हेच ठाऊक नाही, तो पक्षपात करू नका हा उपदेश दुसऱ्यासाठी आहे असे समजून टाळ्या वाजवील. जो निर्णय मनातल्या मनात होतो, त्याचा काही भाग मनाबाहेर काढून नियमांत आणि नोंदींत आणणे, हाच खरा मार्ग आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक रुग्णाची वेदना तो येताच शून्य ते दहा या मापाने, आणि लहान मुलांसाठी चेहऱ्यांच्या चित्रांनी, लिहून घेतली पाहिजे. आणि औषधानंतर पुन्हा मोजली पाहिजे. २०२४ सालच्या अभ्यासात स्त्रियांच्या बाबतीत ही नोंदच कमी वेळा केली गेल्याचे दिसले. पक्षपात नोंदवहीच्या पहिल्याच रकान्यात शिरतो तो असा. पाचव्या प्राणखुणेच्या मोहिमेत आकडा आला की गोळी द्यायची असा यांत्रिक अर्थ लावला गेला, ही चूक टाळता येते. आकडा म्हणजे गोळीचा हुकूम नव्हे. पण त्या आकड्याकडे दुर्लक्ष का केले, याचे उत्तर कागदावर असले पाहिजे.

दुसरी गोष्ट, हाड मोडणे, भाजणे, मूतखडा, सिकलसेलच्या कळा अशा ठरावीक विकारांत पहिली मात्रा कोणती व किती वेळात द्यायची याचे लेखी आदेश विभागात असावेत आणि अनुभवी परिचारिकेला डॉक्टरची वाट न पाहता ती देण्याचा अधिकार असावा. अनेक देशांतील रुग्णालयांत अशी पद्धत चालू आहे. नियम सर्वांना सारखाच लागू झाला की, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून तो मोडायचा हे ठरवण्याला वाव कमी राहतो. तिसरी गोष्ट, भाषेचा दुवा. रुग्णाची बोली जाणणारा माणूस विभागात असणे ही चैन नसून तपासणीचाच भाग आहे. आणि चौथी, वर्षाकाठी हिशेब. कोणत्या वस्तीतल्या, कोणत्या भाषेच्या रुग्णांना, स्त्रियांना आणि पुरुषांना औषध मिळायला किती मिनिटे लागली, याचा तक्ता रुग्णालयाने स्वतःपुढे मांडावा. अमेरिकेतील भेदभाव उघड झाला याचे कारण तो तेथे सर्वांत अधिक होता असे नाही. तेथे रुग्णाच्या वंशाची आणि दिलेल्या औषधाची नोंद होत होती आणि ती संशोधकांना खुली होती, हे त्याचे कारण आहे. जेथे नोंदच नाही तेथे पक्षपात नाही असे मानणे, ही स्वतःची समजूत घालणे झाले.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली जुनी व्याख्या सुधारली आणि तिच्या सोबतच्या टिपांत एक साधी गोष्ट नमूद केली: माणूस आपल्याला वेदना होत असल्याचे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकी परिचारिकेने १९६८ सालीच जवळपास हेच सांगून ठेवले होते. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण मराठी माणूस लहानपणापासून ऐकत आलेला आहे. तिचा अर्थ बहुधा असा घेतला जातो की, दुसऱ्याचे दुःख आपल्याला कळणे शक्य नाही, तेव्हा त्याविषयी फार विचार करू नये. वैद्यकाने तिचा अर्थ नेमका उलट घेतला पाहिजे. ज्याचे जळते त्यालाच कळत असेल, तर त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा नाही. त्याचा वर्ण, त्याची भाषा किंवा त्याच्या अंगावरचे कपडे पाहून त्याची साक्ष फेटाळण्याचा अधिकार कोणत्याही डॉक्टरला पोचत नाही.